कशावरून?

मंडळी, आज जरा तेलकट विषय.

डिझेल गाडी चढाला ओढेनाशी झाली की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "टर्बो गेलाय, बदलून टाकू." बोनेट धड उघडलेलंही नसतं, सांगितलेला चहा यायचा असतो, आणि निकाल लागलेला असतो! आपणही मान डोलावतो, कारण टर्बो हा शब्द आला की आपलं ज्ञान संपतं. माझं म्हणणं साधं आहे. या वाक्यावर प्रत्येक गाडीमालकाने एकच शब्द विचारायला शिकलं पाहिजे : "कशावरून?" आणि त्याचं उत्तर जो शोधून देईल, त्याला त्या शोधण्याचे पैसे द्यायलाही शिकलं पाहिजे. यातला पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्या भागात आपण सगळेच नापास आहोत.

विषय निघाला तो आमच्या मामेभावाच्या पिकअपमुळे. दादाची रत्नागिरीजवळ थोडी घरची कलमं आहेत आणि बरीचशी कराराने घेतलेली. एप्रिल-मे या दोन महिन्यांत जे काय होईल त्यावर वर्ष काढायचं. पेट्या भरायच्या, रात्री निघायचं, साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापूर गाठायचं. या वर्षी ऐन एप्रिलमध्ये गाडी घाटात रडायला लागली. तिसऱ्या गिअरला चढणारी गाडी दुसऱ्यावर आली, आणि मागे काळा धूर. पिकअपचा पिकअपच गेला म्हणा ना :-) गॅरेजवाल्यांनी टर्बो बदलायला सांगितला. ४५ हजार, मजुरी वेगळी, आणि चार दिवस गाडी उभी. फवारणीचं देणं, पेट्यांचं देणं, राखणीच्या गड्यांचे पगार, सगळं समोर उभं असताना ४५ हजार म्हणजे काय हे सांगायला नको. त्याहून वाईट ते चार दिवस. झाडावरचा आंबा काही गाडीसाठी थांबत नाही.

मी तेव्हा तिकडेच होतो. मी काही मेकॅनिक नव्हे, पण गाड्यांची खोड जुनी. म्हटलं, पैसे द्यायच्या आधी एक दिवस तरी खळ्यात गाडी उभी करून बघू.

आधी हा टर्बो काय करतो ते दोन ओळींत. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून दाबतो. ही दाबलेली, म्हणून तापलेली हवा इंटरकूलरमध्ये गार होते आणि इंजिनात जाते. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारी ऊर्जा कामाला लावायची ही युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. पंख्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर.

आता मुद्दा बघा. 'बूस्ट', म्हणजे हवेचा हा जादा दाब, एकट्या टर्बोची कमाई नाही. एअर फिल्टर, तिथून टर्बोपर्यंतचा पाइप, टर्बो, इंटरकूलरकडे जाणारा पाइप, इंटरकूलर, तिथून इंजिनकडे येणारा पाइप, मॅनिफोल्ड, मग पलीकडे धुराचा सगळा रस्ता, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर, व्हॉल्व्ह, बारीक नळ्या. एवढी मोठी साखळी आहे. तिच्यात कुठेही खोट आली की लक्षण एकच, गाडी ओढत नाही. टर्बो हा त्या साखळीतला सगळ्यात महाग भाग. संशय मात्र सगळ्यात आधी त्याच्यावरच! घरात नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच विहिरीवरचा पंप बदलतो का? आधी पाइप कुठे फुटलाय का ते बघतो. मग गाडीच्या बाबतीतच ही अक्कल कुठे जाते?

हल्ली स्कॅनर जोडतात. पी०२९९ असा काहीतरी कोड येतो आणि गॅरेजवाला तो निकालपत्रासारखा पुढे धरतो. त्या कोडचा अर्थ एवढाच की दाब हवा तेवढा भरत नाही. म्हणजे घाटात ड्रायव्हरने जे सांगितलं तेच गाडीच्या कॉम्प्युटरने आकड्यात लिहून दिलं. ही तक्रार झाली, निदान नव्हे. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड हे त्याला कुठे ठाऊक असतं?

शेजारी एस्टीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक तात्या राहतात. त्यांना हाक मारली. ते आले आणि बोनेटला हातही न लावता पायरीवर बसून दादाला प्रश्न विचारायला लागले. रिकामी असताना ओढते का? एका दिवसात झालं की हळूहळू? धूर काळा की निळा? चढाला जोर दिला की कुठून फुसफुस ऐकू येते का? टर्बोची नेहमीची शिटी बदलली का? दादा म्हणाला, रिकामी बरी पळते, आठवड्याभरात झालं, धूर काळा. तात्या म्हणाले, "मग आधी पाइप बघ." मला वाटतं सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा भाग हाच होता, आणि त्याला खर्च आला तो एका कप चहाचा. काळा धूर म्हणजे सहसा डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं कूलंट. आणि धूर अजिबात नाही, तरी गाडी मेलेली, तर डिझेल फिल्टर तुंबलाय का, की काही गडबड दिसल्यामुळे कॉम्प्युटरनेच हात आखडता घेतलाय, हे आधी बघावं.

मग आम्ही स्वस्तापासून महागाकडे निघालो. घरी तपासणी करायची तर हाच क्रम धरावा असं माझं ठाम मत आहे. पहिला एअर फिल्टर. तो काढून बघायला दोन मिनिटं लागतात. आमचा धुळीने माखलेला होता, पण तुंबलेला नव्हता. मग हवेचे सगळे पाइप आणि त्यांच्या क्लिपा. पाइपात तेलाचा पातळ थर असतो, त्याने घाबरायचं नाही. इंजिनाचा ब्रीदर त्याच वाटेने श्वास सोडतो. पण एखाद्या जोडावर बाहेरून ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली ताजी धूळ दिसली, तर तिथून हवाही निसटते आहे असं समजावं. आमच्या गाडीत एक क्लिप सैल निघाली. ती आवळली. दादा खुश झाला, चक्कर मारून आला, गाडी तशीच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. गॅरेजमध्ये गाडी न्यूट्रलला उभी करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि म्हणतात, बघा, दाब नाही. अहो, उभ्या गाडीवर दाब फारसा तयार होतच नाही! इंजिनावर भार नसेल तर वायू कमी, पंख्याला जोर कमी. बूस्ट बघायचा तर भार टाकून, चढावर, वरच्या गिअरला बघायचा. बाजारात मिळणारं छोटं ब्लूटूथ यंत्र गाडीच्या सॉकेटला लावलं की बऱ्याच गाड्यांत हा दाब मोबाइलवर दिसतो. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने बघायचं, हे मात्र पाळा.

आणखी एक गोम आहे. मोबाइलवर दिसतो तो बहुधा एकूण दाब, त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून आकडा बघायचा. समुद्रकाठी रत्नागिरीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, कोल्हापूरला ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. तसा आला नाही तर सेन्सरच खोटं बोलतोय, आणि पुढची सगळी मोजणी व्यर्थ. आमचा १०० आला, म्हणजे सेन्सर निदान इथे तरी खरा. मग पेट्या भरून घराजवळच्या चढावर गेलो तर आकडा १४० च्या वर जाईना. दादा म्हणाला, "१४० म्हणजे १.४ बार, बरा आहे की रे!" बरा कसला? त्यातले १०० तर फुकटचे, देवाने दिलेले. टर्बोची भर फक्त ४० ची, म्हणजे ०.४ बार. दाब खरंच कमी होता. पण तो टर्बो तयार करत नव्हता, की तयार होऊन वाटेत सांडत होता?

याचं उत्तर द्यायला गाडी बंद ठेवून पाइपात बाहेरून हवा भरावी लागते. प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसीची टोपी मिळते, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. टर्बोच्या तोंडाला येणारा पाइप काढून तिथे ती टोपी पक्की केली. ब्रीदरचा जोड या टोपीच्या मागे, बाहेरच्या बाजूला राहील हे बघितलं, नाहीतर हवा थेट इंजिनाच्या पोटात शिरते. पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर आणला आणि हवा अगदी सावकाश सोडली. १० पीएसआयच्या पुढे गेलो नाही. पाइप शोधायला तेवढा दाब पुरतो. टायरसारखा ३०-४० भरायला जाल तर टोपी तोंडावर उडेल. टोपीच्या समोर उभं राहू नये, आणि इंजिन गार असावं. मग सगळ्या पाइपांवर, जोडांवर, इंटरकूलरच्या कडांवर साबणाचं पाणी. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हमधून जातेच, तेवढ्याने बिचकायचं नाही.

इंटरकूलरकडून इंजिनकडे येणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लिपेच्या अगदी कडेला, फेसाचा बुडबुडा फुगला. वरून बघितलं तर पाइप धडधाकट. हाताने चाचपला तरी काही कळत नव्हतं. खाली बोटभर चीर होती आणि ती आतून दाब आला तरच उघडत होती. म्हणूनच रिकामी गाडी बरी पळायची आणि भरलेली घाटात मरायची. पाइप रत्नागिरीतच मिळाला, दीड हजाराच्या आत. त्याच चढावर, तेवढ्याच पेट्या घेऊन आकडा २०० च्या जवळ गेला. रात्री गाडी कोल्हापूरला गेली.

आता कुणी म्हणेल, तुमचं नशीब, पाइप निघाला. कबूल. पाइप धड असते तरी टर्बोचा नंबर लगेच लागला नसता. टर्बोवर ताबा ठेवणारा ॲक्च्युएटर असतो. बऱ्याच गाड्यांत तो व्हॅक्यूमवर चालतो, आणि त्याच्या बारीक रबरी नळ्या उन्हाने तडकतात नाहीतर उंदीर कुरतडतात. हाताच्या छोट्या पंपाने व्हॅक्यूम दिला की त्याची दांडी सुळकन आत जायला हवी आणि तिथेच टिकायला हवी. परत आली तर आतला पडदा फाटला. अजिबात हलली नाही आणि व्हॅक्यूम मात्र टिकला, तर बहुधा काजळीने जाम. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर ताज्या हवेच्या जागी धूरच आत जातो. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डला चीर असेल तर पंखा फिरवणारा वायूच निसटतो, तिथे काजळीचा काळा डाग दिसतो. टर्बोच्या पुढे सायलेन्सरची वाट तुंबली असेल तर पंख्याला फिरायला वाव राहत नाही. एवढं सगळं झाल्यावर टर्बो. तिथेही लोक दांडा बोटाने हलवतात, किंचित डुलला की म्हणतात, गेला. बाजूला किंचित डुलणं बहुतेक टर्बोंत असतंच, तेलाच्या थरासाठी ती जागा ठेवलेली असते. दांडा आत-बाहेर सरकत असेल, पाती घराला घासत असतील, पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील, तर मात्र खरंच काम आहे.

आणि समजा टर्बो खरंच गेला. तरीही "कशावरून?" नंतर दुसरा प्रश्न उरतोच, "कशामुळे?" टर्बो सहसा आपल्या मरणाने मरत नाही. तेल वेळेवर बदललेलं नसतं, तेलाची बारीक नळी काजळीने तुंबलेली असते, फाटक्या फिल्टरमधून धूळ आत जात असते. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो बसवला की तोही त्याच वाटेने जातो. म्हणजे निदान टाळून पैसे वाचत नाहीत, ते फक्त दोनदा जातात.

घरी करण्याला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. निळा धूर येत असेल आणि इंटरकूलरमध्ये तेल साचलेलं असेल तर गाडी चालवून प्रयोग करू नका. इंजिन स्वतःचंच तेल पिऊन सुसाट सुटू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुराची गाळणी आणि तिचे सेन्सर यांची भर पडली आहे, तिथे चांगल्या स्कॅनरशिवाय फार पुढे जाता येत नाही. पण पाइप, क्लिपा आणि साबणाचं पाणी तिथेही चालतं.

आता त्या गॅरेजवाल्यांकडे येतो, कारण हा लेख त्यांना शिव्या घालायला लिहिलेला नाही. त्यांच्या जागी उभे राहून बघा. त्यांनी आमच्यासारखा अर्धा दिवस घालवला असता, चीर शोधली असती आणि सांगितलं असतं, पाइपाचे दीड हजार आणि शोधायचे दोन हजार. दादाने दिले असते? मला शंका आहे. "एवढ्याशा पाइपाला दोन हजार मजुरी? लुटायला बसलेत!" हेच घरोघरी ऐकू आलं असतं. टर्बोचे ४५ हजार मात्र आपण कुरकुरत का होईना देतो, कारण हातात काहीतरी जड, लोखंडी, खोक्यातून आलेलं पडतं. डॉक्टर नाडी बघून "काही नाही, पाणी प्या" म्हणाला तरी आपण फी देतो. गॅरेजमध्ये मात्र "नुसतं बघायचे कसले पैसे?" बघायचे पैसे मिळत नाहीत, बदलायचे मिळतात, म्हणून गॅरेज बघायचं सोडून बदलायला शिकतं. यात फसवणूक कमी आणि आपणच घालून दिलेली वहिवाट जास्त आहे. चांगला शोधणारा मेकॅनिक या हिशेबात उपाशी राहतो, नाहीतर तोही पार्ट विकायला लागतो.

ही वहिवाट किती मुरलेली आहे ते तात्यांकडे बघून कळलं. दादाने त्यांच्या हातात पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या तर त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मी काय केलं? एक पाइप तर बदललात, तोही तुम्हीच." उभं आयुष्य गाड्यांखाली काढलेल्या माणसालाही आपल्या त्या पाच प्रश्नांची किंमत वाटत नव्हती! ४५ हजार त्या प्रश्नांनीच वाचवले होते, पाइपाने नव्हे. शेवटी दादाने आंब्याची पेटी नेऊन दिली, ती घेतली त्यांनी. पेटी ही भेट झाली, मेहनताना नव्हे, म्हणून चालली.

मला वाटतं हे बदलायला हवं आणि ते आपल्याकडूनच सुरू होऊ शकतं. गाडी गॅरेजला लावताना आधीच सांगायचं : "शोधायचे पैसे वेगळे देतो, काही बदललं नाहीत तरी देतो. पण काय बघितलंत आणि काय मोजलंत ते मला दाखवा." एवढं म्हटलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव बदलतो, हे मी दोन-तीनदा अनुभवलं आहे. जो खरा कारागीर आहे तो खुलतो, कारण त्याला आवडणारं काम शोधण्याचंच असतं. जो नाही तो म्हणतो, "साहेब, एवढा वेळ नाही." तेही बरंच. दोघांतला फरक पाच मिनिटांत कळतो, आणि तोही फुकट.